नावाची पट्टी

२५ जानेवारी १९७७, मंगळवार

सगळं फिरलं ते काल, सोमवारी, अकरा वाजून दहा मिनिटांनी. खोली नंबर सात. आराध्ये सरांचा इंग्रजीचा तास.

सर रोमँटिक कवींच्या पेपरातली वेशीची कविता शिकवत होते. कुणा राजानं नगराला भली थोरली वेस बांधली, वर आपलं नाव कोरलं. पुढं राजा गेला, नगर गेलं, माळावर वेस तेवढी राहिली. एक मेंढपाळ तिच्या सावलीत बसून जेवतो, आणि वरचं नाव त्याला वाचता येत नाही. कवी कोण ते फळ्यावर लिहिलं होतं. मी त्या वेळी सु.च्या वेणीकडे बघत होतो. (पुरतं नाव लिहीत नाही. वही कुणाच्या हाती लागेल नेम नाही.)

सर म्हणाले, या कवींनी ऐन तरुणपणी राजे पडताना पाहिले, म्हणून त्यांच्या कवितेतली सिंहासनं मोडकी असतात. मी उभा राहिलो. म्हटलं, "सर, मग आपल्या कॉलेजच्या कमानीवर संस्थेच्या अध्यक्षांचं नाव कशाला? आणि तेही जिवंतपणी?"

वर्ग हसला. सर हसले नाहीत. आधी दाराकडं बघितलं त्यांनी. मग म्हणाले, "बिराजदार, ते परीक्षेला नाही. बसा."

ते दाराकडं बघणं मला सहन झालं नाही. म्हटलं, "शिकवायचं हे आणि भ्यायचं असं. तुमच्यापेक्षा तो मेंढपाळ बरा." वही उचलली, निघालो.

दारातून मागं पाहिलं. सगळा वर्ग माझ्याकडं बघत होता. सु. बाकाकडं बघत होती. सर तिचे वडील आहेत हे मला तेव्हा आठवलं.

२९ जाने., शनि.

प्राचार्यांची चिठ्ठी. सोमवारपर्यंत अध्यक्षांच्या नावे माफीनामा लिहून द्यावा, नाहीतर परीक्षेचा फॉर्म पुढं जाणार नाही. दिवस आणीबाणीचे आहेत ते ध्यानात घ्यावे, असंही खाली.

चिठ्ठीच्या पाठीवर मी गणित केलं. बी.ए. भाग दोन, उरलेले महिने अडीच. माफीनाम्याच्या ओळी चार. नाही लिहिणार. कमानीवर नाव त्यानं लिहावं आणि माफी मी मागावी?

पोरं खांद्यावर हात टाकून गेली. "वाघ आहेस बिराजदार." दोन दिवस चहा फुकट.

३ फेब्रु., गुरु.

कॉलेज सुटलं. म्हणजे मी सोडलं. असंच म्हणायचं.

घरी सांगितलं नाही. गावाहून, मैंदर्गीहून, पहिली एस.टी. साडेनवाला स्टँडवर येते, कंडक्टरच्या सीटखाली अव्वानं दिलेला डबा असतो. कालचा रिकामा द्यायचा, आजचा भरलेला घ्यायचा. तीन वर्षं हेच चाललंय. अव्वा पहाटे उठून कॉलेजात जाणाऱ्या पोरासाठी भाकरी थापते, आणि ती भाकरी मी साखर पेठेतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून खातो. शेंगाचटणी तीच आहे. घशाखाली उतरायला वेळ लागतो एवढंच.

दुपार फार मोठी असते हे आत्ता कळलं. तास नसले की घंटा कुठूनच ऐकू येत नाही.

८ फेब्रु., मंगळ.

काम मिळालं. पूर्व भागात मल्लय्याशेठचा चादरींचा कारखाना, आठ माग. शेठचं घर कारखान्याच्या मागंच. घरात तेलुगू, मागावर मराठी, आणि रागावले की दोन्ही एकदम. माझं काम नक्षीचं. ग्राफच्या कागदावर चौकोन रंगवायचे, त्याबरहुकूम पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची, कार्डं ओळीनं दोऱ्यात ओवून मागावर चढवायची. भोक असेल तिथं दोरा वर उठतो. नसेल तिथं दबून राहतो. बस्स.

शेठनी विचारलं, "शिक्षण?"

"बी.ए., अर्धं."

"अर्धं बरं. पुरं झालेले बसून ऱ्हातात."

तेव्हापासून कारखान्यात माझं नाव अर्धे बी.ए.

१२ फेब्रु., शनि.

मागांचा आवाज इतका असतो की कुणी कुणाशी बोलत नाही, खुणा करतात. मला बरं वाटतं. दिवसभर सु.शी मनात बोलतो, मोठ्यानं बोललो तरी कुणाला ऐकू जाणार नाही. आज बोललो. "सुने, मी तुझ्या वडलांना नाही, त्यांच्या भीतीला बोललो." पटलं नाही. मलाच.

हे नाव मी तिच्यासमोर कधी तोंडातून काढलेलं नाही. आमचं एकूण बोलणं म्हणजे: तिनं एकदा नोट्स मागितल्या, मी दिल्या. एकदा मी वाचनालयाच्या पायऱ्यांवर म्हटलं, "ऊन फार आहे." ती म्हणाली, "सोलापूर आहे." यावर मी आठ महिने काढलेत.

१७ फेब्रु., गुरु.

मोठी ऑर्डर आली. शेठनी कागद समोर टाकला. अध्यक्षांची एकसष्टी आहे, एप्रिलात. पाचशे चादरी वाटायच्यात. दोन्ही टोकांना वीतभर पट्टी, पट्टीत त्यांचं नाव, पुढं मागं एकेक कमळ.

हसू आलं. मग घाम आला.

म्हटलं, "हे मी नाही काढणार."

"का? कमळ येत न्हाई?"

"माणूस बरा नाही."

शेठ चष्म्यावरून बघत राहिले. "हे बघ, अर्धे बी.ए. इथं दवाखान्याचं नाव विणलं, धर्मशाळेचं विणलं, लॉजचं विणलं. माणूस बरा का वाईट ते चादर पांघरणारा बघंल. तू अक्षर सरळ काढ."

काढलं. चौकोन चौकोन भरून. ज्या नावासाठी कॉलेज सोडलं ते नाव आज दिवसभर माझ्या पेन्सिलीतून उतरत होतं, आणि खरं सांगायचं तर उतरलं सुरेख.

२२ फेब्रु., मंगळ.

सरांना पाहिलं. सिद्धेश्वर तलावाच्या काठावर, संध्याकाळी साडेपाचला. एकटेच पायरीवर बसून माशांना चुरमुरे टाकत होते. मुठीनं नाही, दोन दोन दाणे. वर्गातही खडू असाच जपून वापरायचे.

वीस पावलांवर होतो. जावं, म्हणावं, सर, चुकलं. काय जातं? पण मग ते म्हणतील, "बसा, बिराजदार," आणि मला पुन्हा ते दाराकडं बघणं आठवेल. लिंबाच्या झाडामागं उभा राहिलो. चुरमुरे संपले. त्यांनी कागदाची पुडी उलटी करून झटकली, घडी घातली, खिशात ठेवली, गेले.

घडी का घातली असेल? टाकायच्या कागदाची कुणी घडी घालतं का?

२६ फेब्रु., शनि.

कॉलेजसमोरच्या हॉटेलात चहाला गेलो. मुद्दामच. शेजारच्या बाकावर भाग एकची तीन पोरं. एक जण तावातावानं सांगत होता, "अरे, इंग्रजीच्या तासाला एका पाटलानं अध्यक्षांना तोंडावर सुनावलं, व्हय, तोंडावर. अध्यक्ष वर्गात हुते."

"मग?"

"मग काय, पाटील सरळ टेबलावर चढला की."

मी म्हटलं, "तो पाटील नव्हता. बिराजदार होता. आणि अध्यक्ष तिथं नव्हते."

पोरगा माझ्याकडं बघून म्हणाला, "तुमी हुता काय तितं?"

"होतो."

"मग तुमाला नीट दिसलं नसंल."

एक महिना. एवढंच टिकलं माझं नाव. त्या राजाला निदान दगड तरी मिळाला होता.

१ मार्च, मंगळ.

ठरलं. तिच्यासाठी एक चादर विणायची. पत्रं लिहून झाली, नऊ, सगळी फाडली. शब्दांवर आता विश्वास नाही. चादर फाटत नाही.

मोरपंखी आणि पांढरा. मधे साधी चौकट, दोन्ही टोकांच्या पट्टीत तिचं नाव. दुसरं काही नाही. दुपारच्या सुट्टीत कार्डांना भोकं पाडतो. अंगठ्याला फोड आलाय. आवडतोय.

५ मार्च, शनि.

विणली. जेवायच्या सुट्टीत शेठनी एक माग दिला, सूत माझ्या मजुरीतून. पट्टी मागावरून हळूहळू वर यायला लागली. आधी अनुस्वाराचा ठिपका, मग शिरोरेषा, मग अक्षरं. माझ्या छातीचा आवाज मागापेक्षा मोठा.

शेठ हात पुसत आले. वाचलं.

"सुनंदा," म्हणाले. "लॉज कुठं काढला हिनं?"

सगळे हसले. मी धावून गेलो त्यांच्या अंगावर, म्हणजे दोन पावलं. शेठ हलले नाहीत. "अरे, नावाची चादर लॉजवाले करतात, म्हणून विचारलं. गिऱ्हाईक घेऊन जाऊ न्हाई म्हणून नाव घालतात. रागावतो काय."

झालं, नाव लिहून बसलो पुरतं. राहू दे.

७ मार्च, सोम.

वाचनालयाच्या पायऱ्यांवर दिली. वर्तमानपत्रात गुंडाळलेली. म्हटलं, "मी विणलीय." ती गोंधळली, आजूबाजूला पाहिलं, घेतली. घेतली. एवढंच लिहितो.

९ मार्च, बुध.

काय झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवतो, पुढं मी ते बदलून आठवायला नको.

सकाळी स्टँडवर गेलो. मैंदर्गीची गाडी लागायची होती. सु. तिथं उभी. माझा डबा साडेनवाला येतो हे सगळ्या वर्गाला ठाऊक आहे. हातात तेच वर्तमानपत्राचं गाठोडं.

"बिराजदार, हे घ्या."

"आवडली नाही?"

"चादर चांगली आहे. पण नाव कशाला घातलंत? माझ्या मामांचं लॉज आहे पंढरपूरला. तिथं प्रत्येक चादरीवर नाव आहे. चोरीला जाऊ नये म्हणून. मी कुणाच्या मालकीची आहे?"

म्हटलं, "तसं नव्हतं मनात."

"मग कसं होतं? अध्यक्षांनी कमानीवर नाव घातलं तर तुम्हाला राग आला. आणि तुम्ही मला न विचारता माझं नाव पाचजणांच्या समोर मागावर विणलंत. आईनं विचारलं, कोणी दिली. काय सांगू मी?"

गाडी आली. माणसं उतरत होती, धक्के लागत होते. ती जाता जाता थांबली, आणि मग जे बोलली ते हळू बोलली.

"तुम्ही बाबांना भित्रे म्हणालात. तुमच्या नावाची चिठ्ठी पोलिसांकडं जाणार होती. बाबा अध्यक्षांच्या बंगल्यावर गेले. दोन तास व्हरांड्यात उभं केलं त्यांना. तुमच्या वतीनं माफी त्यांनी मागितली. तुम्ही गावाकडचे, एकुलते, पोराचं आयुष्य जाईल, असं सांगून. अध्यक्ष म्हणाले, पोराला सोडतो, पण तुमची नेमणूक जूनपासून पुढं चालू राहणार नाही."

"मला माहीत नव्हतं."

"बाबांनी सांगू नका म्हटलं होतं. मी सांगतेय. माफी मागायची असली तर त्यांच्याकडं मागा. माझ्याकडं नको."

कंडक्टर ओरडत होता, "बिराजदार, डबा." दोन्ही हातांत दोन गोष्टी घेऊन मी स्टँडवर उभा राहिलो. किती वेळ, माहीत नाही. भाकरी खाल्ली नाही.

१० मार्च

दाराकडं बघितलं होतं त्यांनी. माझ्यासाठी बघितलं होतं. कुणी ऐकतंय का ते.

दिवसभरात दुसरा विचार नाही.

१३ मार्च, रवि.

अप्पा आले. डबा आज कंडक्टरकडं नव्हता, अप्पांच्या हातात होता. पांढरा फेटा, कपाळावर विभूती, गाडीच्या धुरळ्यानं भुवया पिवळ्या.

"लई वाळलास की."

"अभ्यास आहे."

स्टँडवरच्या बाकावर बसलो. त्यांनी माझा हात घेतला, उलटा केला, अंगठ्याचा फोड बघितला. बोटांच्या पेरांना शाई नाही, सुताचा रंग. मग कन्नडमध्ये म्हणाले, "पुस्तकानं हात असा होत न्हाई." आणि मग मराठीत, जशी काही ती दुसरीच गोष्ट होती, "अव्वाला म्या सांगत न्हाई. तूच सांग. पण सांग."

मग परतीच्या गाडीत चढले. खिडकीतून फक्त "जेव" म्हणाले.

२२ मार्च, मंगळ.

निवडणुकीचे निकाल लागले. दिल्लीत सगळं उलटंपालटं. रेडिओपाशी गर्दी, पेढे, गुलाल. ज्यांच्याबद्दल महिन्यापूर्वी कुजबुजायला भीत होते त्यांना चौकात नावं ठेवताहेत. तीच तोंडं.

मला आनंद व्हायला हवा. हुतात्मा बागेत बाकावर बसून राहिलो. ज्याला मिठी मारावी असं माणूस नव्हतं.

३० मार्च, बुध.

अध्यक्षांची खुर्ची गेली. वरचा हात निघाल्यावर संस्थेच्या मंडळानं ठराव केला. जे हार घालायचे त्यांनीच हात वर केले म्हणे. एकसष्टी रद्द.

पाचशे चादरी कारखान्यात थप्पी लावून पडल्यात. न्यायला कोणी येत नाही.

कॉलेजवरून गेलो. शिडी लावून रंगारी कमानीवरच्या नावावर चुना देत होता. अक्षरं सिमेंटात उठावाची, चुन्यातूनही वाचता येतात. खाली एक म्हातारी सावलीत चिंचा विकत बसली होती. तिनं एकदाही वर पाहिलं नाही. मी तिथंच थांबलो, कारण मला सरांचं वाक्य आठवलं. त्या दिवशी माझ्या उठण्याआधी ते म्हणाले होते, कविता राजाला हसत नाही, नीट वाचा, ती सावलीबद्दल आहे. मी ऐकलं होतं. ऐकून घेतलं नव्हतं.

२ एप्रिल, शनि.

शेठनी कात्र्या वाटल्या. म्हणाले, "पट्ट्या काढा."

"पाचशे?"

"दोन्हीकडच्या. हजार. नाव गेलं की चादर चादरच आहे. थोडी आखूड झाली तर पोरांना पुरंल."

दिवसभर कापत बसलो. मीच काढलेलं नाव, मीच कापतोय. शेठाणी मशीनवर कडेला शिवण घालतात. कापलेल्या पट्ट्यांचा ढीग कोपऱ्यात, मागाचं तेल पुसायला. संध्याकाळी मी हात पुसायला एक उचलली, बघितलं तर अर्धं नाव आणि एक कमळ. दोन महिन्यांपूर्वी या क्षणासाठी मी काय दिलं नसतं. हात पुसले. तेल निघालं. बाकी काही वाटलं नाही.

६ एप्रिल, बुध.

नवीन अध्यक्षांचा माणूस आला. सत्कार आहे, तीनशे चादरी हव्यात, पट्टीत नाव.

मी शेठकडं बघितलं. शेठनी चेहऱ्यावरची एक रेषही न हलवता ऑर्डर लिहून घेतली. माणूस गेल्यावर माझ्याजवळ आले.

"अर्धे बी.ए., या खेपेला नावाच्या आतल्या बाजूला चार बोटं कोरी जागा सोड."

"का?"

"कापायला बरं पडतं."

आणि गेले सुताच्या कांड्या मोजायला. मी हसलो, गेल्या कित्येक दिवसांत पहिल्यांदा. मग वाटलं, हे सरांना सांगायला हवं. त्यांनी चष्मा काढून पुसला असता. म्हणाले असते, या माणसाला वर्गात बोलवा.

सांगायला कुणी नाही.

९ एप्रिल, शनि.

धीर करून सरांच्या घरी गेलो. सकाळी दहा. काय बोलायचं ते पाठ केलं होतं.

दाराला कुलूप. शेजारच्या काकू धान्य निवडत होत्या. म्हणाल्या, "आराध्ये? ते गेले की जेऊरला. तिथल्या हायस्कुलात लागले. जूनपर्यंत थांबले नाहीत, चार दिवस झाले. सामान टेम्पोनं, माणसं रेल्वेनं."

"पण नवे अध्यक्ष आले ना? त्यांची नेमणूक..."

"गेले होते भेटायला. जुनी प्रकरणं उकरायची नाहीत म्हणाले नवीन साहेब. तुम्ही कोण?"

"विद्यार्थी."

"व्हय? एक पोरगं आलं तर हे द्या म्हणून ठेवलंय त्यांनी. नाव काय तुमचं?"

सांगितलं. आतून वही आणून दिली. त्या दिवशी मी उचलली ती वही माझी नव्हतीच, बाकावरची दुसऱ्याची होती. माझी सरांकडं राहिली होती. उचललेली वही अडीच महिने मी उघडूनही पाहिली नव्हती म्हणजे बघा.

खोलीवर येऊन उघडली. वेशीच्या कवितेचं पान. माझ्या अर्धवट टिपणाखाली सरांच्या बारीक अक्षरात पुढचा सगळा तास लिहिलेला. मी नसताना झालेला तास. एकही ओळ माझ्यावर रागावलेली नाही. नुसती कविता. आणि शेवटी पेन्सिलीनं: "प्रश्न चांगला होता. विचारायची वेळ चुकली. उत्तर देण्याची माझीही."

११ एप्रिल, सोम.

कामाला गेलो नाही. पडून होतो. पत्रा तापलाय. चुना दिलेली भिंत आणि मी.

माफी मागितली की ते म्हणतील, झालं गेलं. त्यानं त्यांची नोकरी परत येत नाही. सु. परत येत नाही, ती माझी नव्हतीच. मग कशाला जायचं? हा प्रश्न दिवसभर. उत्तर मिळत नाही, आणि न जाण्याचं एकच कारण सापडतं ते म्हणजे मान खाली घालावी लागेल.

१४ एप्रिल, गुरु.

परीक्षा सुरू झाली असेल. खोली नंबर सातमध्ये माझ्या बाकावर कुणीतरी बसलं असेल.

ट्रंकेतून तिची चादर काढली. शेठच्या मोठ्या कात्रीनं दोन्ही पट्ट्या कापल्या. मनगटाला जोर द्यावा लागला, वीण घट्ट होती, माझीच. शेठाणींना कडेची शिवण घालायला दिली. त्यांनी चादर उलटी केली, सुलटी केली, काही विचारलं नाही. फक्त म्हणाल्या, "आता छान दिसते."

दोन पट्ट्या राहिल्या. तेल पुसायच्या ढिगात टाकवेना. जवळ ठेवाव्यात तर तेही ठेवणंच. शेवटी उसवत बसलो. एक एक आडवा दोरा ओढायचा. आधी खालचा उकार गेला, मग अक्षरं. संध्याकाळपर्यंत मोरपंखी दोऱ्याचा एक गुंडा झाला, लिंबाएवढा. त्यात आता कुणाचंही नाव नाही.

१६ एप्रिल, शनि.

शेठकडं दोन दिवसांची रजा मागितली.

"कुठं?"

"जेऊर. सरांकडं."

"कशाला?"

"चुकलंय."

शेठनी विचारलं, "चूक मोठी का?"

"मोठी."

"मग तोंड धुऊन जा. आणि मधेच इंग्रजी बोलू नको." पुढं जाऊन परत वळले. "नवीन साहेबांची पट्टी सोमवारी चढवायची हाय. येशील ना?"

म्हटलं, माहीत नाही. शेठ म्हणाले, "बरं." एवढंच.

१७ एप्रिल, रवि., सकाळ

काल डबा रिकामा परत पाठवला नाही. धुऊन आत चिठ्ठी ठेवली: अव्वा, मी जानेवारीत कॉलेज सोडलं. चादरीच्या कारखान्यात नक्षी काढतो. तुझी भाकरी खोटं बोलून खाल्ली. उद्यापासून पाठवू नकोस, नाहीतर पाठव, पण कळून पाठव. तिला वाचता येत नाही, अप्पा वाचून दाखवतील. त्यांना मी पहिल्यांदाच काही वाचायला देतोय. झाकण सैल झालंय, म्हणून त्या मोरपंखी दोऱ्यानं बांधलं. गुंडा पुरला.

डबा जाताना स्टँडवर कंडक्टरकडं देईन. तिथून रेल्वे स्टेशन. दुपारची गाडी, कुर्डुवाडीवरून जेऊर.

चादर वर्तमानपत्रात गुंडाळली आहे. तेच वर्तमानपत्र, निकालाच्या आधीचं. वर ज्यांचा फोटो आहे ते आता कुठंच नाहीत. सरांना चादर द्यायची की नाही ते ठरलेलं नाही. दार सु.नं उघडलं तर काय, तेही नाही. पाठ केलेलं सगळं विसरायचं ठरवलंय. "सर, चुकलं." दोन शब्द. ते बसा म्हणाले तर बसायचं. नाही म्हणाले तर उभं राहायचं, दोन तास झाले तरी.

सरांनी टिपण पुरं केलेली वही बरोबर घेतोय. ही वही इथं खुंटीखाली राहील. कुणाच्या हाती लागली तर लागो, आता नाव पुरतं लिहिलेलंच आहे.

खोलीत बघून घेतलं. चटई, माठ, भिंतीवर दिवसांच्या रेघा. बाहेर ऊन चढायला लागलंय. उठतो. दार ओढून घेतो, कडी घालतो.